जर्सी सिटीला येतेयस तर, बंदुकांबद्दल

"ताई, आम्ही पुण्याहून जर्सी सिटीला येतोय, मुलगी सहा वर्षांची आहे, तिथे बंदुकांची कितपत भीती वाटते, खरं सांगा" असं विचारलंयस तू. व्हिसा, भाडं, इन्शुरन्स यात मी पडत नाही, ते सगळं तू वाचलेलं असणारच. पण तुझा प्रश्न वाचल्यापासून मला झोप नीट लागलेली नाहीये, म्हणून लिहितेय, आणि लांबेल, सांभाळून घे.

आम्ही आलो ऑगस्ट २०१९ मध्ये. मुलगा तेव्हा सहाचाच. शाळेच्या ॲडमिशनला इतके कागद की विचारू नकोस. भारतातून आलेल्या मुलाची टीबीची टेस्ट लागते, आपल्या मुलांना बीसीजी दिलेली असते त्यामुळे हातावर ती टेस्ट लाल झाली, मग छातीचा एक्स-रे, मग डॉक्टरची चिठ्ठी, तोवर शाळा सुरू होऊन दोन आठवडे गेले. तुझ्याकडचं लसीकरणाचं कार्ड इंग्रजीत टाइप करून, सही-शिक्क्यासकट आण. आणि एक फॉर्म असतो, घरात कोणती भाषा बोलता म्हणून. मी अभिमानाने मराठी लिहिलं. तेवढ्यावरून त्याची परीक्षा घेतली, तो नवीन माणसांसमोर गप्प बसला आणि त्यांनी त्याला ईएसएलमध्ये, इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांच्या वेगळ्या तासाला घातलं, म्हणजे रोज एक तास स्वतःच्या वर्गातून उठून दुसऱ्या खोलीत जायचं. इंग्लिश मीडियममधून आलेला मुलगा! मी तीन मेल केल्या, उत्तर आलं की पुढच्या वर्षी बघू. हे इतकं का सांगतेय ते कळेल.

न्यू जर्सीत कायद्याने दर महिन्याला शाळेत एक आगीची ड्रिल आणि एक सिक्युरिटी ड्रिल होते. सिक्युरिटी ड्रिल म्हणजे कुणी बंदूक घेऊन शाळेत घुसलं तर काय करायचं त्याचा सराव: दिवे बंद, दार लावून घ्यायचं, कोपऱ्यात मिटून बसायचं, बोलायचं नाही. पहिल्या वेळी घरी येऊन त्याने मला ते करून दाखवलं, डायनिंग टेबलाखाली.

आणि मग १० डिसेंबर २०१९. दुपारी बाराच्या पुढे बातमी आली की ग्रीनव्हिलला, म्हणजे जर्सी सिटीच्याच एका भागात, गोळीबार चालू आहे. दोघा हल्लेखोरांनी आधी स्मशानभूमीत एका पोलीस डिटेक्टिव्हला मारलं, मग एमएलके ड्राइव्ह या रस्त्यावरच्या एका कोशर, म्हणजे ज्यू लोकांच्या, किराणा दुकानात घुसले, तिथे आणखी तिघांचा जीव गेला. गावातल्या सगळ्या सरकारी शाळा लॉकडाऊन. मी मॅनहॅटनमध्ये ऑफिसात होते, फोनवर फक्त 'मुलं सुरक्षित आहेत' एवढा मेसेज. तो त्या तासाला ईएसएलच्या खोलीत होता. जेमतेम ओळखीच्या टीचरजवळ, आपल्या वर्गातलं एकही पोर नाही, शाळा सुटायची वेळ टळून गेली तरी अंधारात. त्याच रात्री सांगलीहून आईचा फोन आला तर मी म्हटलं, अगं ते आमच्यापासून खूप लांब आहे. लांब कुठलं, अडीच-तीन मैल. ते खोटं मी अजून दुरुस्त केलेलं नाही.

नंतर मी वेड्यासारखी वाचत बसायचे. हल्ला करणाऱ्या दोघांपैकी जी बाई होती तिने हल्ल्यातल्या दोन बंदुका २०१८ मध्ये ओहायोत विकत घेतल्या होत्या, स्वतःच्या नावावर. इथे न्यू जर्सीत पिस्तूल घ्यायचं तर आधी आपल्या गावच्या पोलिसांकडून परवाना, बोटांचे ठसे, ओळखीच्या माणसांची नावं, आणि तीस दिवसांत एकच. पण राज्याचेच आकडे सांगतात की इथल्या गुन्ह्यांत सापडणाऱ्या सुमारे ८० टक्के बंदुका बाहेरच्या राज्यांतून येतात. मग गावाने करायचं काय?

याच गावाने २०१३ मध्ये एक केलं होतं, मेयर स्टीव्हन फुलप नवीन होते तेव्हा. पोलिसांसाठी बंदुका आणि काडतुसं गावच विकत घेतं ना, मग टेंडरमध्येच विकणाऱ्यांना प्रश्न घातले. जुन्या बंदुकांचं काय करता, सामान्य लोकांना असॉल्ट रायफल विकता का, गिऱ्हाइकाची तपासणी नीट करता का, असे. कायदा करायचा अधिकार नाही पण गिऱ्हाईक तर आहोत, हा विचार. पुढे ओहायोतल्या टोलेडो शहरानेही हेच धरलं. आणि सप्टेंबर २०१९ मध्ये गव्हर्नर फिल मर्फींनी संपूर्ण राज्यासाठी तसा आदेश काढला, की दुकानदारांना सरकारला बंदुका विकायच्या असतील तर दुसऱ्याच्या नावावर होणारी खरेदी आणि दुकानातली चोरी थांबवायला काय करता ते सांगा. तारीख बघ, १० सप्टेंबर. बरोबर तीन महिन्यांनी आमचा तो दिवस. लोक म्हणतात, काय उपयोग झाला. मला तसं म्हणवत नाही. कुठल्या दुकानदाराने कोणाला नाही म्हटलं आणि त्यामुळे काय टळलं, हे मोजता येत नाही गं, पण कुणीतरी त्या काउंटरवर प्रश्न विचारायला हवेत एवढं मला पटलंय.

माझ्या मामाकडे मळ्यावर बाराबोरची बंदूक होती. निवडणूक आली की तो ती पोलीस ठाण्यात जमा करायचा आणि नंतर घेऊन यायचा, आम्हा पोरांना ते सणासारखंच वाटायचं. घरात बंदूक असते हे मला नवीन नव्हतं, तरी इथे कुणाला त्याबद्दल विचारायला माझी जीभ रेटत नाही.

एकटेपणाचं विचारशील तर नेवार्क ॲव्हेन्यूवर, आपल्या लोकांच्या दुकानांच्या रस्त्यावर, कढीपत्ता मिळतो, गणपतीत माणसं भेटतात, निभतं.

पण हे ऐक. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गृहस्थांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, बंदुकीच्या परवान्यासाठी रेफरन्स म्हणून तुमचं नाव देऊ का. चांगली माणसं, आमचा मुलगा दर शुक्रवारी त्यांच्याकडे खेळायला जायचा. नवऱ्याने फॉर्म भरला, माणूस शांत आहे, दारू पीत नाही, सगळं खरंच लिहिलं. मी तिथेच उभी होते. बंदूक कुठे ठेवणार, कुलपात का, काडतुसं वेगळी का, हे विचारायचं माझ्या ओठांवर होतं आणि मी चहा टाकायला आत गेले. शुक्रवार मात्र बंद केले, क्लास आहे म्हणून सांगून. मुलगा अजून विचारतो, आई, तिकडे का नाही जायचं.

तुझ्या मुलीला कोणी खेळायला बोलावलं तर घरात बंदूक आहे का, कुलपात असते का, हे पहिल्या वेळीच विचार, शेंगदाण्याची ॲलर्जी विचारतात तसंच, त्याच वाक्यात. मी आता नव्या घरी जाताना विचारते, आजपर्यंत कोणी रागावलेलं नाही. त्या शेजाऱ्यांना मात्र अजून विचारलेलं नाही. आणि तो भाषेचा फॉर्म आला की घाई करू नको, मुलीला इंग्रजी येतं हे लेखी देऊन ठेव.