गांजणे, गांजा आणि गर्दुल्ला

प्रश्न असा आला आहे: ‘गांजणे हे क्रियापद गांजावरून आले का? गांजा ओढणारा घरच्यांना छळतो म्हणून गांजणे, असे एका व्याख्यानात ऐकले. भांग, गांजा, चरस ही एकाच वस्तूची नावे ना? आणि गांजा ओढणाऱ्याला गर्दुल्ला म्हणणे बरोबर का?’

पहिल्याचे उत्तर: नाही. गांजणे हे संस्कृतातल्या ‘गञ्जन’ या शब्दाच्या कुळातले. त्याचा अर्थ अवहेलना, पाणउतारा. तिथून प्राकृतामार्गे ते मराठीत आले आणि छळणे, जाच करणे या अर्थाने रुळले. झाडाचे नाव वेगळे, ‘गञ्जा’. दोघांचा उच्चार जवळ आला एवढेच. तुकोबांच्या रंजल्या-गांजल्यांत रंजले म्हणजे करमणूक झालेले नव्हेत, तसे गांजले म्हणजे चिलीम ओढून आलेलेही नव्हेत.

पण ही व्युत्पत्ती ऐकणाऱ्याला पटते, कारण गांजा ओढला की माणूस मारकुटा होतो अशी समजूत आधीच डोक्यात असते. प्रत्यक्षात त्याच्या अमलाखाली माणूस बहुधा सुस्तावतो, वेळेचे भान सुटते, तोंडाला कोरड पडते, भूक खवळते. मात्रा जास्त झाली तर धडधड वाढते, भीती वाटते, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असा संशय येतो. दारू पिऊन भांडीकुंडी फेकणारा आपण पाहिलेला असतो आणि त्याचेच चित्र गांजेकसावर चिकटवतो. (गांजेकस हा जुना, नेमका मराठी शब्द. त्यातला ‘कस’ म्हणजे फारसी ‘कश’, ओढणारा. तो असताना हिंदीतला गंजेडी उसना आणायची गरज मला कधी कळली नाही.)

जाता जाता, ‘गांजावरून’ की ‘गांज्यावरून’? घोडा-घोड्यावरून या नियमाने गांज्यावरून. वर्तमानपत्रे राजा-राजाचा या चालीवर ‘गांजाचा साठा’ लिहितात, तेही आता चालून गेले आहे. मी गांज्याचा लिहितो.

दुसरा प्रश्न जास्त रसाचा. झाड एकच, वस्तू तीन. पाला म्हणजे भांग. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. त्या फुलोऱ्यावरची चिकट राळ काढून वळलेली ती चरस. नशा आणणारे मुख्य द्रव्य टीएचसी. १९६४ साली इस्रायलमध्ये मेशूलम आणि गाओनी यांनी ते शुद्ध रूपात वेगळे केले. ते पाल्यात कमी, शेंड्यांत बरेच जास्त आणि राळेत त्याहून जास्त. प्रयोगशाळेला हे कळण्याच्या कितीतरी आधी आपल्या लोकांनी तीन नावे ठेवून हिशेब पक्का केला होता.

कायद्यानेही हीच नावे उचलली. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या, कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात ‘गांजा’ आणि ‘चरस’ हे शब्द जसेच्या तसे आहेत. गांज्याच्या व्याख्येत शेंडे येतात. शेंड्यांशिवाय असलेला पाला आणि बी वगळले आहे. शिक्षा किती हे सापडलेल्या मात्रेवर ठरते: अल्प मात्रा म्हणजे गांजा १ किलो, पण चरस १०० ग्रॅम. व्यापारी मात्रा गांजा २० किलो, चरस १ किलो. म्हणून बातमीत ‘चरस-गांजा’ असा जोडशब्द वाचला की नेमके काय सापडले ते कळतच नाही, आणि आरोपीच्या दृष्टीने तर तोच सगळा प्रश्न असतो.

पाला त्या व्याख्येतून वगळला, यावरून लोक दोन चुकीचे निष्कर्ष काढतात. एक, भांग सगळीकडे खुली आहे. तसे नाही; तिचा कारभार राज्यांच्या कायद्यांकडे आहे आणि महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा आड येतो. दुसरा निष्कर्ष जास्त घातक: पाला आहे, महाशिवरात्रीला महादेवाला चालतो, म्हणजे बाधत नाही. अथर्ववेदात सोमाच्या पंक्तीला भंग ही वनस्पती येते, हेही मग ऐकवले जाते. येते खरी. पण पाणिनीच्या सूत्रात तीच भंगा तीळ, उडीद, जवस यांच्या रांगेत, शेतात पिकणाऱ्या गोष्टींत बसली आहे. म्हणजे उल्लेख सापडला की नशेचाच, असे धरून चालता येत नाही.

आयुर्वेदाचा ग्रंथकार शार्ङ्गधर याने ‘व्यवायी’ द्रव्याचे उदाहरण म्हणून भांग आणि अफू दिली आहे: आधी सगळे अंग व्यापते, मग पचते. हे वाचून भांग झटपट चढते असे कोणाला वाटेल, तर घोटाळा होईल. चिलमीचा धूर काही मिनिटांत डोक्यात पोचतो. पोटातून गेलेली भांग अर्धा तास ते दोन तास घेते, आणि यकृतात टीएचसीचे आणखी जोरकस रूप तयार होते. वसतिगृहात होळीला आमच्यातला एक जण ‘अर्धा तास झाला, काहीच नाही’ म्हणत ठंडाईचा दुसरा पेला प्याला होता. संध्याकाळी तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून ‘मला खाली उतरवा’ म्हणून विनवत होता. खाली उतरायला दोनच पायऱ्या होत्या. मराठीत भांग ‘चढते’, आणि चढायला वेळ लागतो, हे क्रियापदानेच त्याला सांगायला हवे होते.

आता गर्दुल्ला. गर्द म्हणजे फारसीत धूळ, भुकटी. १९८०च्या दशकात मुंबईत ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉईन, पसरले तेव्हा त्या भुकटीला गर्द म्हणू लागले आणि ती घेणारा तो गर्दुल्ला. गर्दाचे मूळ अफूत. भांगेच्या झाडाशी त्याचा संबंध नाही. अफूजन्य पदार्थ जास्त झाला तर श्वास मंदावून माणूस दगावतो. गांज्याने तसे होत नाही. गर्द तुटले की अंग मोडून निघते, उलट्या-जुलाब होतात. रोजचा गांजा तुटला तर चिडचिड, झोप उडणे, भूक मरणे. तेव्हा गांजेकसाला गर्दुल्ला म्हणणे शब्दार्थाने चूक. पण त्याच वेळी ‘गांज्याचे व्यसन लागतच नाही’ हेही चूक. ओढून पाहणाऱ्या दहा-अकरा जणांतला साधारण एक जण त्यात अडकतो, आणि सुरुवात कोवळ्या वयात झाली तर हे प्रमाण वाढते.

राहिले ‘गांज्याने वेड लागते’. ही समजूत इतकी जुनी की १८९३ साली इंग्रज सरकारने त्यासह इतर बाबी तपासायला आयोग नेमला. वेड्यांच्या इस्पितळांच्या वह्यांत वेडाचे कारण म्हणून गांजा लिहिलेला असे. खोदून पाहिल्यावर कित्येक ठिकाणी आधार निघाला नाही. रोग्याला आणणाऱ्या पोलिसाने जे सांगितले तेच कारकुनाने उतरवले होते. मात्र याचा अर्थ धोका शून्य असा नव्हे. लहान वयात सुरुवात, रोज ओढणे आणि जोरकस माल यांनी मनोविकाराची शक्यता वाढते, घराण्यात तसा आजार असेल तर आणखीच, हे आता ठाऊक आहे.

तर लिहिताना: पाला घोटून पिणारा भंगड, चिलीम ओढणारा गांजेकस, राळेचा शौकी चरसी, भुकटीवाला गर्दुल्ला. आणि शुद्धलेखन तपासणाऱ्यांसाठी: केसांतला तो भांग, पेल्यातली ती भांग. परवाच एका छापील मजकुरात ‘होळीचा भांग’ वाचला, आणि क्षणभर वाटले की रंग लावताना कोणीतरी केस विंचरत होते.