अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरातला कृष्णवर्णीयांचा बस बहिष्कार 381 दिवस टिकला तरी कसा?

नुसत्या निर्धारावर नाही, चोख वाहतूक व्यवस्थेवर. 1 डिसेंबर 1955 ला बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय स्त्रीला अटक झाली. त्याच रात्री प्राध्यापिका जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर बहिष्काराची हाक देणारी हजारो पत्रकं छापली. कागदाची बचत व्हावी म्हणून एका पानावर तीन. 5 तारखेला बस ओस पडल्या.

सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीवाले बसच्याच भाड्यात, 10 सेंटमध्ये माणसं नेत. शहराने किमान 45 सेंटचा नियम पुढे केला आणि ती सोय बंद पडली. मग सुमारे 300 खासगी गाड्या, ठरलेले थांबे आणि चर्चच्या नावावर घेतलेल्या स्टेशन वॅगन कामाला लागल्या. गाड्यांचा विमा रद्द होऊ लागला, तेव्हा तो लंडनच्या लॉइड्सकडून मिळवला. हा डाव मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण विम्याविना सारंच ठप्प झालं असतं.

तरी बस कंपनीचा तोटा पुरेसा ठरला नाही. निकाल लावला तो बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राउडर विरुद्ध गेल या खटल्याने. ऑरेलिया ब्राउडर, क्लॉडेट कॉल्विन यांच्यासारख्या वादी स्त्रियांची नावं मात्र फार कमी घेतली जातात.