‘अपंग’ की ‘दिव्यांग’?

प्रश्न : गावच्या सार्वजनिक वाचनालयात बसायची वेगळी जागा करतोय. फलकावर अपंग, दिव्यांग की कन्नड अर्जांवर दिसतं ते ‘विकलचेतन’ लिहावं? (खानापूर तालुका, जि. बेळगाव)

उत्तर : ‘विकलचेतन’ हा कर्नाटक सरकारचा कन्नड शब्द. कन्नड ओळीत तो ठेवा. मराठीत उचललात तर ‘चेतनाच विकल’ असा भलताच अर्थ निघतो. ‘दिव्यांग’ 2015 नंतर सरकारी वापरात रुळला. तो चालेल, पण त्यातली ‘दिव्यता’ अनेकांना नकोशी वाटते. ‘अपंग’मध्ये शिवी नाही, खटकतं ते ‘अपंगांची जागा’ म्हणून माणसाला एका शब्दात संपवणं. म्हणून सोय लिहा : ‘चाकाच्या खुर्चीसाठी राखीव’, ‘कमी दिसणाऱ्यांसाठी मोठ्या अक्षरांची पुस्तकं’. लंगडा, मुका हे शब्द मात्र नकोतच.

मऊ शब्द आपल्याला नवे नाहीत. आपण बांगडी फुटली म्हणत नाही, ‘वाढवली’ म्हणतो. तिथे अशुभ टळतं. इथे मऊ शब्दाआड सोयीचं काम टळू नये. दारात मिळून दीड फूट उंचीच्या पायऱ्या असतील तर एकास बारा या प्रमाणात अठरा फूट लांब उतार लागेल. जागा वाचवायला तो आठ फुटांत बसवला, तर खुर्ची मागे घसरते.