निकाल दिसल्यावर नियमाला हात लावू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. तुमच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या मतदानाची मुदत संपली तेव्हा तुमचा ठराव एका मताने मागे होता, तासाभराने आणखी दोन मतं आली, दोन्ही तुमच्याच बाजूची. नोटिशीत नुसती तारीख होती, टाइमझोन नव्हता. आता सोबतचे म्हणतात, 'जगात कुठेतरी ती तारीख चालूच होती, मोजून टाक.' आणि तू विचारतोस, मोजू का?

नको. तुमच्याकडे आजवरचं प्रत्येक मतदान यूटीसीनुसार, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, बंद झालं, हे तूच लिहिलं आहेस. मग याच वेळी वेगळं घड्याळ कसं आठवलं? आकडे दिसले म्हणून. निकाल दिसल्यावर नियमाला हात लावायचा नाही. ठराव कितीही चांगला असो. तुझा चांगला आहे, मला मान्य आहे, तरीही नाही. आणि ठराव मांडणाऱ्याच्याच हाती मोजणी दिली कुणी? ती आधी दुसऱ्याकडे सोपवायला हवी होती.

नियम बदलूच नयेत असं मी म्हणत नाही. 2018 च्या जुलैत पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम नेतृत्वावरून पायउतार झाले, तेव्हा प्रकल्पापुढे कारभाराची पद्धत कशी निवडायची इथूनच प्रश्न होता. मतमोजणी कोणत्या रीतीने करायची यावर भरपूर वाद झाला, आधी सुचवलेली रीत बाजूला पडून पर्यायांची जोडीजोडीने तुलना करणारी कॉन्डॉर्से पद्धत आली, तारखाही पुढे सरकल्या. पण हे सगळं पहिलं मत पडण्याआधी. मुदत लिहिली ती अशी: 16 डिसेंबर, पृथ्वीवर कुठेही. म्हणजे जिथे तो दिवस सर्वांत शेवटी मावळतो, तिथला. घड्याळावरून भांडायला जागाच ठेवली नाही. अपाचे या सॉफ्टवेअर संस्थेत रिलीजचं, म्हणजे नवी आवृत्ती काढण्याचं, मतदान निदान 72 तास खुलं ठेवायची रीत आहे, तीही याचसाठी: कुणी झोपलेला असतो, कुणी नोकरीवर.

'पण तांत्रिकदृष्ट्या आम्हीच बरोबर आहोत,' हे तू पुन्हा पुन्हा लिहितोस. अरे, समोरच्यालाही तसंच वाटतंय! म्हणून तर मतदान घेतलं. इथे कुणी कुणाचा नोकर नाही. हरलेला माणूस उद्या परत येऊन तुझा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तपासतो, तो केवळ आपल्याला फसवलं नाही एवढ्या खात्रीवर. ती गेली की तो फोर्क काढेल, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प थाटेल, किंवा काहीच न बोलता निघून जाईल. दुसरं जास्त वाईट.

मी हे फुकटचं सांगत नाही. एका प्रकल्पात मतमोजणी माझ्याकडे होती. आमचा पार्सर, म्हणजे मजकूर वाचून त्याची फोड करणारा कोड, वर्षानुवर्षं एकट्याने सांभाळणाऱ्या मित्राचं मत उशिरा आलं आणि मी ते धरलं नाही. त्याचा बदल रिलीजमधून राहिला, आणि तो प्रकल्प सोडून गेला. त्या कोडला पुढे कितीतरी दिवस कुणी हात लावेना. आदल्या दिवशी त्याला फोन करायला हवा होता का? ते माझं काम नव्हतं. त्याला केला असता तर सगळ्यांनाच करावा लागला असता. तरी तो फोन मनातून जात नाही. पण मत धरलं असतं, तर त्यानंतरच्या माझ्या एकाही मोजणीवर कुणी विश्वास का ठेवावा? लोक मला आडमुठा म्हणतात, म्हणोत.

हरल्यावर वाट असते, आणि ती उघड असते. 2004 मध्ये डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाने आपल्या सामाजिक करारात, म्हणजे तत्त्वांच्या जाहीरनाम्यात, बदल मंजूर केला. ठराव निव्वळ शब्दांच्या दुरुस्तीचा म्हणून आला होता. मंजूर झाल्यावर कळलं की त्यामुळे सार्ज ही येऊ घातलेली आवृत्तीच अडकते. किती जण चिडले! पण जुना निकाल कुणी खोडला नाही. नवा ठराव आणला, पुन्हा मतदान घेतलं आणि तो बदल सार्ज बाहेर पडेपर्यंत पुढे ढकलला. तुलाही हेच करायचं आहे.

निकाल आजच जाहीर कर. उशिरा आलेली दोन मतं किती वाजता आली आणि का धरली नाहीत, तेही त्यात लिही, लपवू नकोस. सोबतचे रागावतील, रागावू देत. मग रिलीज झाल्यावर ठराव पुन्हा मांड, मोजणी दुसऱ्याकडे दे आणि मसुदा मला पाठव. मुदतीपुढे वेळ आणि यूटीसी लिहिलंय का, ते मी सगळ्यात आधी बघणार आहे.

तुझा,
जुना सहकारी