कासवाचं पिल्लू दिवसभर झोपून राहतं, हे चालायचंच का?

नाही, अजिबात चालायचं नाही.

तुम्ही लिहिलंय की मामेभावाकडून सुलकाटा जातीचं सहा महिन्यांचं पिल्लू धुळ्याला आणून दहा दिवस झाले, ते कोपऱ्यात डोळे मिटून पडून असतं आणि घरचे म्हणतात, कासवच ते, झोपणारच. खायला काय द्यायचं हेही विचारलंय. ते सांगतो, पण आधी झोपेचं. याच एका वाक्यापायी माझं पिल्लू हातचं जाणार होतं.

चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरात पुण्याचा एक मित्र परदेशी निघाला आणि दगडूला, म्हणजे त्याच्या सुलकाटाच्या पिल्लाला, कागदपत्रांसकट माझ्या स्वाधीन करून गेला. तळहातावर मावायचा. पहिले पंधरा-वीस दिवस सकाळचं ऊन अंगावर पडलं की पाय ताणून जो निघायचा, तो दुपारपर्यंत घरभर. भिंतीला धडकला की वळायचा आणि पुन्हा चालू. सुलकाटाचं पिल्लू तब्येतीत असलं आणि अंगात ऊब असली की स्वस्थ बसत नाही, हे आधी डोक्यात ठेवा.

मग डिसेंबर लागला. आपल्या खानदेशचं ऊन सगळ्या महाराष्ट्राला माहीत, पण इथली थंडी लोक विसरतात. रात्री पारा ८-९ अंशांवर येतो आणि माझा दगडू स्वयंपाकघरात फरशीवर ठेवलेल्या प्लास्टिकच्या टबात. हळूहळू त्याचं फिरणं थांबलं, मग खाणं थांबलं. अमळनेरहून मोठा भाऊ आला होता, त्याला दाखवलं. दादाने त्याला उचलून पाहिलं, परत ठेवलं आणि म्हणाला, "कासवच शे ते, हळूहळूच चाली. काय व्हस त्याले?" वर समजावलं की थंडीत कासवं शीतनिद्रेत जातात, उठवू नको. वहिनींचं माहेर सावद्याचं, त्यामुळे केळी घरात कायम. जाताना कुस्करलेलं केळं त्याच्या तोंडाशी ठेवून गेले. मीही गप्प बसलो, कारण दादाचं ऐकायची सवय.

गल्लीतल्या सराफाच्या दुकानात दगडू आणला त्याच आठवड्यात मुलीच्या हौसेखातर त्याचं वजन केलं होतं, ८४ ग्रॅम. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मनात काय आलं कोण जाणे, त्याला मफलरीत गुंडाळून पुन्हा त्याच काट्यावर ठेवलं. सराफाने काचेचं झाकण लावलं. आकडा ७१ वर थांबला. त्या काचेतून, दुकानाच्या पांढऱ्या दिव्याखाली, मला त्याच्या डाव्या नाकपुडीवर मोहरीएवढा एक बुडबुडा दिसला. फुगायचा, बसायचा, पुन्हा फुगायचा. पोटाखालची ढाल अंगठ्याने दाबून पाहिली तर सादळलेल्या पापडासारखी लवली.

इथल्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते जंताचं आयव्हरमेक्टिन टोचायला निघाले. गुराढोरांना, कुत्र्यांना ते सर्रास देतात, पण कासवांना ते विष आहे. हे मी आदल्या रात्री वाचलं होतं म्हणून हात धरला. हे तुम्हीही लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यात टॉवेल, बाजूला गरम पाण्याची पिशवी, आणि पहाटेच्या गाडीने नाशिक. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. न्यूमोनिया होता. एक दिवसाआड पुढच्या पायात इंजेक्शन, रात्रंदिवस ऊब, दिवसातून दोनदा कोमट पाणी. अकराव्या दिवशी त्याने जास्वंदीच्या पाकळीला तोंड लावलं. मुलगी रडायला लागली, मीही.

दादा अजून प्रत्येक लग्नात सांगतो की उगाच पैसे घातले, कासव आपोआप उठलंच असतं. नसतं उठलं. सुलकाटा आफ्रिकेतल्या सहाराच्या दक्षिण कडेचं, साहेल पट्ट्यातलं जनावर. त्याच्या जातीला शीतनिद्रा ठाऊकच नाही. थंडीत ते झोपत नाही, गारठतं. पोटातलं अन्न पचायचं थांबतं, रोगाशी लढायची ताकद जाते, फुप्फुसात कफ साचतो. बाहेरून मात्र शांत झोपल्यासारखं दिसतं. तेरा ग्रॅम कमी झालेलं पिल्लू झोपलेलं नव्हतं, दादा.

आता तुमचं. टबाच्या एका बाजूला बल्ब किंवा सिरॅमिक हीटर लावून ३४-३५ अंश ठेवा, दुसरी बाजू २७-२८, म्हणजे त्याला हवं तिथे सरकता येईल. रात्री २५ च्या खाली जाऊ देऊ नका. खाली फरशी नको, पाय फाकतात. वाळू नको, पोटात अडकते. ओलसर कोकोपीट घाला. वाळवंटी जात म्हणून कोरडं ठेवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, कोरड्या हवेत पिल्लाच्या पाठीवर कायमची टेंगळं उठतात आणि आपली हवा मुळातच कोरडी. रोज १५-२० मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीच्या खालीच. आपल्या भाषेत नदीचं आणि जमिनीवरचं दोन्ही कासवच, म्हणून लोक यालाही बादलीत सोडतात. याला पोहता येत नाही, बुडून मरतं. पाण्यात चुन्याच्या निवळीसारखं पांढरं टाकलं तर घाबरू नका, ती त्याची लघवी. ते रेतीसारखं खरखरीत असेल तर पाणी कमी पडतंय.

ऊन थेट हवं, खिडकीच्या काचेतून आलेलं कामाचं नाही. त्यातले हाडं-कवच घट्ट करणारे किरण काच अडवते. हिवाळ्यात नऊ-दहा वाजता, मे महिन्यात सकाळी लवकर, आणि अर्धी सावली कायम. काचेच्या पेटीत घालून उन्हात ठेवलं तर शिजेल.

खायला मुख्यतः गवत. हराळी, कोवळा चारा, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग. थोडा शेवग्याचा पाला. पालक रोज नको. कपाशीच्या बांधावरचं गवत आणूच नका, तणनाशक मारलेलं असतं. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा तुकडा टबात टाका, कॅल्शियमसाठी स्वतःच कुरतडेल. पोळी, दूध-भात, कुत्र्याचं खाणं बंद. केळंही बंद, वहिनींना वाईट वाटलं तरी. गोडाने त्याचं पोट बिघडतं.

एक राहिलंच, खरं तर आधी सांगायला हवं होतं. ते सुलकाटाच आहे ना, खात्री करा. काळपट कवचावर पिवळ्या चांदण्यांसारख्या रेघा असतील तर ते आपलं तारा कासव. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते पाळणं गुन्हा आहे, मग वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइन क्रमांकावर फोन करून त्यांच्या ताब्यात द्या. सुलकाटा असलं तरी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर नोंद करावी लागते, मामेभावाकडून कागद मागून घ्या. मुलांना हाताळल्यावर साबणाने हात धुवायला लावा, अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असतो. आणि हे पिल्लू मोठं होऊन ४० किलोच्या पुढे जाऊ शकतं, पन्नास वर्षं आणि जास्तही जगतं. फ्लॅट असेल तर आत्ताच विचार करा. दगडू आज साडेपाच किलोचा आहे, अंगण उकरून ठेवतो.

आज संध्याकाळीच त्याला सराफाच्या नाहीतर किराणावाल्याच्या काट्यावर ठेवा. वजन लिहा, आठवड्याने पुन्हा करा. नाकाला बुडबुडा दिसला किंवा मान ताणून तोंडाने श्वास घेताना दिसला तर आठवडा थांबू नका, नाशिक गाठा. आजचं वजन इथे कळवा, मी रोज बघतो.