धबधबा पाहून झाल्यावर शेजारचा खडक वर सरकताना का दिसतो?

नाशिकजवळच्या सोमेश्वर धबधब्याकडे टक लावून पाहिल्यानंतर नजर काठच्या खडकावर नेली की तो वर सरकू लागतो, हा डोळ्यांचा विकार आहे का, असे आपण विचारले आहे. विकार मुळीच नाही. निरोगी दृष्टी असलेल्या बहुतेकांना हा अनुभव येतो. स्कॉटलंडमधील फॉयर्सच्या धबधब्यापाशी रॉबर्ट अ‍ॅडम्स यांना तो आला आणि १८३४ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

मेंदूतील काही चेतापेशी खाली जाणाऱ्या हालचालीला अधिक प्रतिसाद देतात, तर काही वर जाणाऱ्या हालचालीला. समोर सारे स्थिर असतानाही दोन्ही गटांचे संदेश थोडेफार चालूच असतात, आणि ते तुल्यबळ असले की आपल्याला स्थिरता जाणवते. धबधबा पाहताना पहिल्या गटावर सतत ताण पडून त्याचा प्रतिसाद मंदावतो, त्यामुळे नजर खडकावर गेल्यावर दुसऱ्या गटाचे पारडे आपोआप जड होते. अशी मंदावण बार्लो आणि हिल या संशोधकांनी १९६३ मध्ये सशाच्या दृष्टिपटलातील (डोळ्याच्या आतील पडद्यातील) पेशींत प्रत्यक्ष नोंदवली. माणसात मात्र मेंदूचा वाटा मोठा आहे. हे पडताळायचे असेल, तर एक डोळा झाकून धबधबा पाहावा आणि नंतर पाहणारा डोळा मिटून आधी झाकलेल्या डोळ्याने खडक पाहावा. भास क्षीण होतो, पण होतो, कारण दोन्ही डोळ्यांचे संदेश मेंदूतच एकत्र येतात.

मला याहून विलक्षण वाटते ते हे, की खडक सरकताना दिसतो आणि तरीही जागचा हलत नाही. वस्तूची जागा आणि तिची गती यांचा हिशेब मेंदू बऱ्याच अंशी वेगवेगळा मांडतो, म्हणूनच हे शक्य होते. संशोधक जोसेफ त्सील आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अशा एका स्त्रीची हकिगत मांडली, जिला मेंदूच्या इजेनंतर वस्तू व रंग ओळखता येत, पण हालचाल जवळजवळ दिसत नसे. कपात ओतला जाणारा चहा तिला गोठल्यासारखा भासे, आणि दूरची मोटार एकदम अंगावर आलेली दिसे.

सोमेश्वरच्या वरच्या बाजूला असलेल्या गंगापूर धरणातून पाणी सोडलेले असताना हा भास उत्तम दिसतो, कारण प्रवाह सलग असतो. मात्र प्रवाहातल्या एकाच जागी नजर खिळवावी. पाण्याबरोबर डोळे खाली गेले, तर परिणाम फिका पडतो.