टार्टारिक आणि मॅलिक आम्लाचे पीक वेगळे का होत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक कॉलममधून वेगवेगळ्या वेळी बाहेर काढून मोजण्याची पद्धत) द्राक्षरसातली ही दोन आम्लं सी-१८ कॉलमवर (आतला थर तेलकट, पाण्याला टाळणारा), पीएच ४.५ च्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) १० टक्के मेथॅनॉल घालून चालवताय आणि दोन्ही सुरुवातीलाच एकत्र बाहेर पडतात, म्हणजे आलेखावर त्यांचे उंचवटे (पीक) एकमेकांत मिसळतात. दोष कॉलमचा नाही, पीएचचा आहे.

टार्टारिकचा पहिला पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू पहिला प्रोटॉन सोडून आयन होतात) साधारण ३.०, मॅलिकचा ३.४. पीएच ४.५ ला दोन्ही जवळपास पूर्ण आयनित असतात, आणि आयन सी-१८ ला चिकटतच नाहीत. पीएच २.५ वर आणा (२० ते २५ मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट, फॉस्फोरिक आम्लाने जुळवलेलं), म्हणजे बहुतेक रेणू उदासीन राहतील. मग टार्टारिक आधी, मॅलिक नंतर. मेथॅनॉल काढून टाका, इथे ते नुकसानच करतं.

मात्र शंभर टक्के पाण्यात साध्या सी-१८ ची छिद्रं कोरडी पडतात, विशेषतः पंप बंद केल्यावर, आणि धारणकाळ (घटक कॉलममध्ये थांबतो तो वेळ) अचानक कोसळतो. म्हणून पूर्ण जलीय फेजसाठी (म्हणजे वाहता द्रव फक्त पाण्याचा असताना चालावा म्हणून) बनवलेला सी-१८ घ्या. काम झाल्यावर आधी नुसत्या पाण्याने धुवा, मगच मेथॅनॉल. नाहीतर फॉस्फेट आतच साखळेल.

डिटेक्टर २१० नॅनोमीटरवर. एक गंमत: मॅलिकच्या स्टँडर्डमध्ये फ्युमॅरिकचा अंश असेल तर तो यूव्ही इतका शोषतो की मोठा पीक बघून माणूस घाबरतो!

लॅक्टिक, अ‍ॅसिटिकही मोजायचे असतील, तर सल्फोनेटेड पॉलिस्टायरीनचा आयन-एक्सक्लूजन कॉलम (आयनांना छिद्रांबाहेर ठेवून आम्लं वेगळी करणारा), ५ मिलिमोलर सल्फ्यूरिक आम्ल आणि ५० ते ६५ अंश तापमान हा जास्त निवांत मार्ग.